भामरे ऊर्फ पाटील: पांझरेकाठच्या एका वंशावळीच्या नोंदी

गाव धुळे तालुक्यात, पांझरेच्या काठी. मूळ आडनाव भामरे, पण चार पिढ्या कागदावर पाटील. गावातले देवरे, बोरसे, सोनवणे, शिंदे हेही कागदावर पाटीलच. त्यामुळे कचेरीत 'पाटलांची वंशावळ काढतोय' म्हटलं की कारकून आधी हसतो आणि मग चहाला निघून जातो.

हे काम जातीच्या दाखल्यासाठी नाही. थोरलं घर (आम्ही) आणि धाकटं घर एकमेकांचे भाऊबंद आहेत हे सगळे मानतात, पण नातं नेमकं कसं ते कोणी सांगू शकत नाही. शिवाय पारोळा तालुक्यात बोरी नदीकाठी एक घर आहे, ते म्हणतं आम्हीही तुमचेच. लग्नाच्या बोलणीत दोनदा हा प्रश्न आडवा आला. मी धुळ्यात राहतो, कचेऱ्या जवळ, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. दुसऱ्या कोणाला असंच काही काढायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतो आहे. नावं लिहीत नाही, प्रत्येकाला नंबर दिला आहे.

१० मे २०२४, आखाजी

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात, पितरांच्या नावानं आगारी टाकतात. निखाऱ्यावर तूप आणि घास पडताना घरातला कर्ता एकेक नाव घेतो. मेलेल्यांची इतकी सरळ यादी दुसरीकडे कुठे मिळणार नाही, आणि तिला नक्कल फीही लागत नाही. आमच्या जिभाऊंनी नावं घेतली ती मोबाइलवर रेकॉर्ड केली. आदल्या दिवशी विचारलं होतं तेव्हा त्यांना चार नावं आठवत नव्हती. हात चालू लागला तशी नावं आपोआप आली, तीही पिढीच्या क्रमानं.

तसाच उठून धाकट्या घरी गेलो. त्यांची आगारी व्हायची होती. तिथंही रेकॉर्ड केलं. दोन्ही याद्या घरी येऊन शेजारी मांडल्या तर वरची दोन नावं एकच. ती ठीक, मूळपुरुष सामाईक असणारच. पण मधेच आणखी एक नाव दोन्हीकडे निघालं. हा आमचा ९ नंबर. दोन्ही घरं त्याला आपला म्हणतात, आणि तो कोणाचा मुलगा हे दोन्हीकडे माहीत नाही.

आत्या आखाजीला माहेरी आल्या आहेत, नव्वदीला टेकल्यात. त्यांना विचारलं. "तो दत्तक गयथा," म्हणाल्या. "त्याना नावनं वावर शे ना, दत्तकनं वावर." कोणाचा, कोणाकडे, ते आत्यांना ठाऊक नाही. त्यांच्या जन्माआधीच तो गेलेला.

दुपारी झोक्यापाशी माहेरवाशिणी जमल्या होत्या, तिथं वही घेऊन बसलो. कोणाची कोणती बहीण कुठल्या गावी दिली, हे पुरुषांना विचारण्यात अर्थ नाही. त्यांना जावयाचं गाव आठवतं ते तिथल्या बाजारामुळे. बायकांना नणंदेची नणंदसुद्धा पाठ असते.

खर्च: काही नाही.

१४ मे

चुलतभावाने २००९ मध्ये एक तक्ता केला होता, तो मिळाला. मेहनतीचा आहे, पण त्यात बोरीकाठचं घर १९५६ मध्ये गाव सोडून गेलं असं लिहिलंय. म्हणजे माझ्या वडिलांच्या डोळ्यांसमोर. वडिलांना त्यातलं काहीच कसं माहीत नाही?

उलगडा आत्यांच्याच रेकॉर्डिंगमध्ये होता. त्यांचे शब्द: "छप्पनना काळमा त्या लोके तठे गयथात." भावाने छप्पन ऐकलं आणि १९ लावून टाकलं. हा छप्पन विक्रम संवतातला. संवत १९५६ म्हणजे इसवी सन १८९९-१९००, मोठ्या दुष्काळाचं साल. सगळा तक्ता छप्पन्न वर्षं खाली घसरला होता आणि त्या नादात एका माणसाला त्याच्याच नातवाचा भाऊ करून ठेवलं होतं. तक्ता बाजूला. फक्त त्यातल्या लग्नांच्या तारखा घेतल्या, त्या पत्रिकांवरून उतरवलेल्या आहेत.

म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं साल जसंच्या तसं लिहायचं, रूपांतर शेजारच्या रकान्यात करायचं. शकात ७८ मिळवायचे (जानेवारी ते पाडवा असेल तर ७९), संवतातून ५७ किंवा ५६ वजा करायचे.

२७ मे

धुळ्याचं लोकसभेचं मतदान २० तारखेला झालं, पण मोजणी ४ जूनला. तोवर तहसीलमध्ये कोणी ऐकून घेणार नाही. म्हणून शाळेत गेलो. जिल्हा परिषदेच्या शाळेचं जनरल रजिस्टर, जुनं पुस्तक कापडी बांधणीचं. गुरुजी भले माणूस, पंख्याखाली टेबल दिलं.

पदरात फार पडलं नाही. निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा. पोर शाळेत आणून बसवलं, वय अंदाजानं धरलं, तारीख १ जून टाकली, असा प्रकार. जन्मतारखेसाठी हे रजिस्टर वापरू नका. एक मात्र दिसलं: आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत काही नोंदींत 'भामरे' आहे, नंतर सगळीकडे 'पाटील'. म्हणजे जुन्या कागदात भामरे शोधायचं, नव्यात पाटील, आणि मधल्या तीस-चाळीस वर्षांत दोन्ही.

१९ जून

पैसे वाया गेल्याची नोंद. एका संगणक केंद्रवाल्यानं सांगितलं, नाव द्या, जुने सगळे उतारे काढून देतो. १,२०० रुपये घेतले आणि पाटलांचे पस्तीस उतारे दिले. बाप-लेकाची नावं आमच्याकडे आलटून पालटून येतात, नातवाला आजाचं नाव. त्यामुळे 'अमुक तमुक पाटील' हा १९२५ चा की १९७५ चा, हे नावावरून कळायला मार्गच नाही. पस्तीसपैकी आमचे तीन, तेही आधीच घरात असलेले.

२ जुलै

आत्यांचं 'दत्तकनं वावर' डोक्यात होतं. माणसाचं नाव बदलतं, आडनाव बदलतं, वावर जागच्या जागी असतं. जिभाऊंबरोबर शिवारात गेलो. ते वावर आज धाकट्या घराकडे आहे, कपाशी लावलीय. सातबाऱ्यावर गट नंबर मिळाला. आता उलटं मागे जायचं.

इथं बरेच जण अडकतात, म्हणून सविस्तर लिहितो. आजचा गट नंबर जुना नाही. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव योजना राबली तेव्हा जुने सर्व्हे नंबर एकत्र करून गट पडले. त्याआधीच्या कागदावर तुमचा गट नंबर सापडणार नाही, कारण तो तेव्हा नव्हताच. भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचं पत्रक मागायचं. त्यात जुना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि नवा गट समोरासमोर असतात. तो सर्व्हे नंबर घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात जायचं आणि त्या नंबरचे जुने फेरफार मागायचे. फेरफार म्हणजे गाव नमुना ६. कोण मेलं, वारस कोण लागले, वाटणी कशी झाली, गहाण काय पडलं, सगळं तिथं.

एकत्रीकरणाच्या पत्रकासाठी अर्ज दिला. 'पुढच्या आठवड्यात या.'

१६ जुलै

पत्रक मिळालं. दत्तकनं वावर जुन्या दोन सर्व्हे नंबरांच्या हिश्शांचं आहे. त्यातला एक हिस्सा आमच्या बांधाला लागून, म्हणजे वाटणीपूर्वी एकच रान असणार. सर्व्हे नंबर मिळाला तेव्हा जिभाऊंना फोन केला तर ते म्हणाले, "हे तर मी बी सांगतो असतो." सांगितलं नव्हतं.

२५ जुलै

अभिलेख कक्ष. २०२३ च्या सप्टेंबरात न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली. त्याचा आम्हाला फायदा झाला: रुमाल झटकलेले, गठ्ठ्यांवर नव्या चिठ्ठ्या, कुठला गठ्ठा कुठे ते शिपायाला पाठ. कडांना कसर लागलेली पानं मात्र तशीच. बोट लावलं की भुगा पडतो.

आमच्या सर्व्हे नंबराचे १९२० च्या आसपासचे फेरफार सापडले. निम्मे मोडी लिपीत. मला मोडी येत नाही, पण बाळबोधीतल्या (देवनागरीतल्या) दोन नोंदी वाचता आल्या आणि त्यातच कळलं की नावाचा शोध का फसतो.

एक म्हणजे 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, नाव मोठ्याचं एकट्याचं. धाकटे भाऊ कागदावर नाहीतच. कागदावर नाही म्हणून तो नव्हता, असं धरून तक्ता केला तर अर्धं घर गायब होतं.

दुसरी 'अ.पा.क.', अज्ञान पालन करणार. बाप मेला, मुलं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, तर त्यांच्यामागे पालनकर्ता म्हणून आईचं नाव लागतं. आमच्या तक्त्यात पणजीच्या जागी आजवर फक्त 'पणजी' होतं. तिचं नाव कोणालाच माहीत नव्हतं, आगारीत बायकांची नावं आमच्याकडे घेत नाहीत. ते या तीन अक्षरांपुढे सापडलं, शेजारी अंगठा. नवरा जगला असता तर ती या वहीत आलीच नसती.

फोटो काढून आणले. घरी बघतो तर कुठला फोटो कुठल्या वहीच्या कुठल्या पानाचा याचा पत्ता नाही. परत जाऊन पान नंबर टिपून आणावे लागले. आता आधी वहीच्या पुठ्ठ्याचा फोटो, मग पान नंबराचा कोपरा, मग नोंद.

३ ऑगस्ट

मोडीवाले गुरुजी मिळाले, निवृत्त शिक्षक. पानाला २०० रुपये. कुणबी नोंदींमुळे भाव वाढलेत, असं त्यांनीच हसत सांगितलं. मोडीत शब्द तोडलेले नसतात, आधी रेघ ओढून खाली सलग लिहीत जायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. त्यामुळे नावं लागत नाहीत. त्यांना नुसती पानं देऊ नका. सोबत गावाच्या आसपासची गावं, शिवारातली वावरांची नावं, गावातली जुनी आडनावं आणि आगारीतली नावं अशी यादी द्या. ती यादी दिल्यावर आदल्या दिवशी 'वाचता येत नाही' म्हणून सोडलेले तीन शब्द त्यांनी पाच मिनिटांत लावले.

काय निघालं ते असं. १९१८ च्या हिवाळ्यात थोरल्या घरचा ६ आणि धाकट्या घरचा ७, दोघे चुलतभाऊ, मेले. ६ च्या मागे बायको आणि दोन अज्ञान मुलं, त्यातला मोठा म्हणजे ८, माझे आजोबा. ७ च्या मागे फक्त बायको. १९१९ च्या नोंदीत ७ च्या विधवेनं मुलगा दत्तक घेतल्याचं आहे. मुलाचं नाव आमच्या ९ चं. त्याच्या जन्मदात्याच्या नावावर नेमकी कसर लागलेली. शेवटचं एक अक्षर शिल्लक, आणि ते गावातल्या निम्म्या बापांच्या नावाचं शेवटचं अक्षर.

खर्च: मोडी १,८००, नकला आणि झेरॉक्स ६४०.

११ ऑगस्ट, कानबाई

नागपंचमीनंतरचा रविवार, खानदेशात कानबाई देवीचा सण. सुरतेहून ताप्ती लाइनच्या गाड्या भरभरून आल्या. उधना, लिंबायतचे सगळे भाऊबंद गावात.

आखाजीला मेलेल्यांची यादी मिळाली होती, कानबाईला जिवंतांची मिळते. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घेताना आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ पडते. मोठी काकू पाटावर बसते, सूप पुढ्यात, एक नाव, एक मूठ, मग चिमटीत पाव मूठ. सुरतला असो, पुण्याला असो, काल जन्मलेलं असो, नाव चुकवायचं नाही. एक नाव घेताना काकू थांबली, मूठ तशीच हवेत, आणि तिनं सुनेला विचारलं, "त्याना धाकला पोऱ्याना नाव काय ठेवं?" नाव कळेपर्यंत गहू सुपात पडले नाहीत. मी मागे बसून लिहीत गेलो. मतदार यादीत नसलेली सहा पोरं या सुपातून मिळाली.

रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. म्हणून कोण कोणाच्या रोटात आहे हा नात्याचा चांगला पुरावा. धाकटं घर आमच्या रोटात आहे. बोरीकाठचं घर नाही, त्यांची कानबाई वेगळी बसते. पण ते म्हणतात, आमचं गाव सुटलं म्हणून रोट सुटले, कुळदेवी तीच आहे. नुसत्या कुळदेवीवर विसंबता येत नाही. एका देवीची शेकडो कुळं असतात.

२२ ऑगस्ट

गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, गावची जन्म-मृत्यूची नोंद. ९ चा बाप इथं सापडेल असं वाटत होतं. अडचण अशी की जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसतंच. तारीख, बापाचं नाव, जात, आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बस.

तर उलट्या बाजूनं गेलो. ९ चं नाव सुपडू, उखर्डू, दगडू या तऱ्हेचं आहे. आपल्याकडे आधीची मुलं गेली की पुढच्याला असं टाकाऊ नाव ठेवतात, मृत्यूची दृष्ट लागू नये म्हणून. मग ९ च्या आधी त्या घरात बाळं गेलेली असणार. १९१९ च्या फेरफारात त्याचं वय पाच लिहिलंय. त्याआधीची काही वर्षं मृत्यूच्या रकान्यात पाहिली. ६ च्या नावापुढे: मुलगी, ८ महिने, ताप. दोन वर्षांनी: मुलगा, १२ दिवस. आणि १९१४ मध्ये जन्माच्या बाजूला ६ च्या नावापुढे 'मुलगा'. गावातल्या त्या अक्षराच्या इतर बापांकडे त्या काळात अशी जोडी नाही. फेरफारातलं उरलेलं अक्षरही ६ च्या नावाशी जुळतं.

म्हणजे ९ हा ६ चा धाकटा मुलगा, माझ्या आजोबांचा सख्खा भाऊ. दोन चुलत जावा एकाच तापात विधवा झाल्या. एकीला दोन मुलगे, एकीला एकही नाही. थोरलीनं धाकटा धाकटीच्या ओटीत घातला. १९३३ मध्ये तोही गेला, लग्नाआधीच, आणि वावर धाकट्या घरात राहिलं. जन्मानं आमचा, दत्तकानं त्यांचा, म्हणून दोन्ही आगारीत.

१९१८ ची पानं बघताना एक गोष्ट दिसली. ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे मानमोडीचे (इन्फ्लुएंझाच्या साथीचे) महिने. कारणाच्या रकान्यात 'ताप', खाली 'ताप', मग नुसत्या रेघा. मधे काही दिवस कोरे आणि पुढे अक्षर दुसरंच. लिहिणाराच पडला असावा. त्या कोऱ्या दिवसांत गावात कोणी मेलं नसेल हे खरं नाही. तेव्हा तुमचा माणूस १९१८ मध्ये गेला असं घरात सांगत असतील आणि वहीत नसेल, तर घरच्यांवर विश्वास ठेवा.

१२ सप्टेंबर, त्र्यंबकेश्वर

पितृपक्ष १८ तारखेला लागतो, त्याआधी उरकलं. पितृपक्षात जाऊ नका, उपाध्यायांना मान वर करायला फुरसत नसते.

तिथले तीर्थोपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या वह्या ठेवतात. प्रदेश, तालुका, गाव, जात, आडनाव अशी विभागणी. आपले उपाध्याय कोण हे आधी शोधायचं, बाकीचे नम्रपणे पुढच्या घराकडे बोट दाखवतात. आमचे सापडायला सकाळ गेली. त्यांनी पहिला प्रश्न केला: "पाटील नको, मूळ कुळ सांगा." भामरे म्हटल्यावर पंधरा मिनिटांत वही समोर.

लांबट, अरुंद वही. शके १८०८, म्हणजे १८८६-८७. १ नंबर आपल्या तीन मुलांना घेऊन आलेला: २, ३ आणि ४. आम्हाला दोनच ठाऊक होते. वर त्यानं आपल्या बापाचं नाव सांगितलंय आणि 'मूळ बागलाण'. म्हणजे १ च्याही वर एक पिढी निघाली, आणि मी नंबर १ पासून सुरू केलेत. त्यांना शून्य दिला. नंबर देताना सुरुवातीला जागा सोडा, १०१ पासून सुरू करा.

बागलाण आता नाशिक जिल्ह्यात, पण १८६९ पर्यंत ते खानदेशातच होतं. मालेगाव, नांदगावही. जुनी वही तोच खानदेश धरून चालते, आजचा नकाशा घेऊन बसलात तर पान सापडणार नाही.

मग दुसरं पान. शके १८३५, म्हणजे १९१३. ४ नंबर स्वतः आलेला, दोन मुलांसह. 'मूळ गाव' म्हणून आमचं गाव, आणि 'हल्ली मुक्काम' म्हणून बोरीकाठचं. छप्पनच्या काळात गेलेला तो हाच. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आम्ही पश्चिमेत राहिलो, तो पूर्वेत पडला. कागद धुळ्याला आणि जळगावला वाटले गेले, पुढे एकमेकांच्या फेरफारात नाव येण्याचं कारणच उरलं नाही.

फोटो काढू दिले नाहीत, उतरवून घेऊ दिलं. वहीत आमची आजची पिढी लिहवून घेतली, बायकांच्या नावांसह. उपाध्यायांनी कुरकुर केली नाही. दक्षिणा १,००१. गाडी आणि जेवण २,३००.

६ ऑक्टोबर

बोरीकाठी जाऊन आलो, शके १८३५ च्या पानाची उतरवलेली प्रत घेऊन. तिथल्या आप्पांनी ती चष्मा लावून वाचली, पुन्हा वाचली, आणि आत जाऊन पत्र्याची पेटी आणली. तीत आहेराची वही. बऱ्याच घरांत ही वही पडलेली असते आणि कोणी तिला कागद समजत नाही. लग्नात कोणी काय दिलं ते परत करायचं असतं म्हणून काटेकोर लिहिलेलं: गाव, नाव, रक्कम, टोपी-टॉवेल, लुगडं.

वहीवर साल नाही. पण रकमा 'रु. १।' अशा, म्हणजे सव्वा रुपया, आणि काही ठिकाणी आणे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, म्हणून लग्न त्याआधीचं. आणि चौथ्या पानावर आमचं गाव, माझ्या आजोबांचं, म्हणजे ८ चं नाव, सव्वा रुपया आणि लुगडं. गाव सुटून पन्नासेक वर्षं झाल्यावरही येणंजाणं होतं. मग कधी तुटलं, कशावरून, हे आप्पांनी सांगितलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

८ नोव्हेंबर

परत निवडणूक. विधानसभेचं मतदान २० तारखेला, तहसील बंद असल्यासारखंच. दुय्यम निबंधक कार्यालय चालू होतं, तिथं लेकींचा शोध.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधीच्या वारस नोंदींत लेकी जवळजवळ नाहीतच. नंतर त्या येतात, आणि लगेच निघूनही जातात, हक्कसोड पत्रानं. पण त्या पत्रात प्रत्येक बहिणीचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, राहणार कुठली, वय, अंगठा किंवा सही, सगळं नीट असतं. आमच्या घरातल्या लेकींची सगळ्यात चोख यादी, त्यांनी ज्या कागदावर जमीन सोडली त्याच कागदावर मिळाली. आत्यांची सही त्यात आहे. दाखवली. म्हणाल्या, "ते दिवशी साडी लिधी व्हती मना भाऊनी." मी पुढे काही विचारलं नाही.

१५ डिसेंबर

तक्ता काढायला घेतला. एक फुकटचं सॉफ्टवेअर आणलं, छापताना वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटली. शेवटी एक्सेलमध्ये नंबर, बाप नंबर, आई नंबर, पुरावा असे रकाने केले आणि तक्ता धुळ्यातल्या फ्लेक्सवाल्याकडून काढून घेतला. 'पुरावा' रकान्यात आगारी, फेरफार, वही, तोंडी असं लिहिलंय. 'तोंडी' असलेली नावं तक्त्यात तिरक्या अक्षरांत.

९ दोन ठिकाणी आहे. ६ च्या खाली तुटक रेघेनं, ७ च्या खाली सरळ रेघेनं. धाकट्या घराला उलट हवं होतं. कायद्यानं तो ७ चाच, म्हणून सरळ रेघ तिकडे, हे मी लावून धरलं तेव्हा आमच्याच घरातले दोघे रुसले.

लेकी घ्यायच्या की नाहीत यावर जास्त वाद झाला. वंशावळीत मुली नसतात, असं जिभाऊंचं म्हणणं. मी घेतल्या, नवऱ्याचं गाव टाकून. मुलींच्या मुलांपाशी थांबलो, नाहीतर फ्लेक्स गावच्या वेशीला लावावा लागला असता. जिभाऊ दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच येऊन सांगितलं की त्यांच्या मोठ्या बहिणीचं गाव चुकीचं पडलंय. दुरुस्त केलं.

आजवरचा खर्च, पेट्रोल धरून, साडेअकरा हजारांच्या घरात. त्यातले १,२०० निव्वळ वाया. मोडी सोडून बाकी सगळं स्वतः करता येतं.

राहिलेलं काम: ४ च्या पुढच्या दोन पिढ्यांचे फेरफार पारोळा तालुक्यातून काढायचे आहेत. आप्पांकडून त्यांच्या जुन्या रानाचा गट नंबर घेतला, एकत्रीकरणाच्या पत्रकासाठी अर्ज दिला, पावती फाइलमध्ये लावली. तिथूनही 'पुढच्या आठवड्यात या' असंच सांगितलंय.